पहिल्या वर्षातली आकडी: ड्रावेट सिंड्रोम वेळेत कसा ओळखायचा?

काजवा

तापात येणारी आकडी ही बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामातली गोष्ट. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना ती कधी ना कधी येते आणि बहुतेकांचं पुढे काहीच बिघडत नाही. म्हणून 'तापाची आकडी आहे, वयाबरोबर जाईल' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरतं. ज्या थोड्या मुलांच्या बाबतीत ते चुकतं, त्यांच्यासाठी हा धागा काढतो आहे.

ड्रावेट सिंड्रोम हा जनुकीय अपस्मार. प्रमाण साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक. फ्रान्समधल्या डॉ. शार्लोट ड्रावेट यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २००१ मध्ये बेल्जियममधल्या गटाने त्याचं मूळ एससीएन१ए या जनुकात दाखवलं. हे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असतं. मेंदूच्या पेशींवरच्या सोडियम वाहिन्यांपैकी एक त्याच्या आज्ञेवरून बनते.

चित्र असं असतं. बाळ अगदी छान वाढत असतं: मान धरलेली, हसतं, पालथं पडतं. पहिली आकडी बहुधा तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येते, त्यातही पाचवा ते आठवा महिना सगळ्यांत जास्त. ताप, लस किंवा गरम पाण्याची अंघोळ हे निमित्त असतं. आकडी लांबते, दहा, वीस, कधी तीस मिनिटं. पुष्कळदा शरीराची एकच बाजू झटके देते. नंतर काही तास तो हात-पाय लुळा राहू शकतो. रक्ताच्या तपासण्या, एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या लाटांचा आलेख) सगळं स्वच्छ येतं आणि बाळ घरी जातं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच, पण या वेळी दुसऱ्या बाजूला.

ही बाजू बदलणं मला सगळ्यांत मोलाची खूण वाटते. मेंदूत एखादी जागा दुखावलेली असेल, जन्माच्या वेळचा स्ट्रोक किंवा मेंदूच्या सालीतली जन्मजात घडण बिघडलेली असेल, तर आकडी त्याच बाजूला परत परत येते. एकदा उजवी, एकदा डावी असं झालं आणि एमआरआय स्वच्छ असला, तर जनुकाकडे बघायला हवं. पण केसपेपरवर 'अंगभर झटके' एवढंच लिहिलेलं असतं आणि ही खूण हरवून जाते.

विकास मागे पडलेला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या वर्षात तो बहुधा पडतच नाही. दुसऱ्या वर्षात ताप नसतानाही आकड्या सुरू होतात, हातापायांचे क्षणिक धक्के आणि काही सेकंद हरवल्यासारखं होणं दिसू लागतं, मग बोलणं आणि चालणं मंदावतं. तोपर्यंत थांबलात तर निदान सोपं होतं, पण मधलं वर्ष अनेकदा चुकीच्या औषधावर गेलेलं असतं.

पाणकळा

काजवा, तालुक्याच्या ठिकाणी उपयोगी पडेल असा काही हिशेब द्याल का? प्रत्येक तापाच्या आकडीला जनुक तपासणी सांगता येत नाही.

काजवा

जपानमधल्या ओकायामाच्या गटाने २००८ मध्ये एक गुणपद्धत दिली. वाढदिवसाआधी तापात आकडी आलेल्या मुलांसाठी ती आहे आणि कागदपेन्सिलीने होते.

पहिली आकडी सात महिने किंवा त्याआधी: २ गुण
एकूण आकड्या पाच किंवा जास्त: ३
दहा मिनिटांहून लांब आकडी: ३
एका बाजूची आकडी: ३
शरीराच्या एखाद्या भागापासून सुरू होणारी: १
क्षणिक धक्के: १
गरम पाण्याने आलेली: २

पहिल्या वाढदिवसापूर्वी बेरीज ६ किंवा वर गेली की तपासणीला पाठवा. उदाहरण घेऊ. पाचव्या महिन्यात पहिली आकडी, उजव्या बाजूची, पंधरा मिनिटांची. दोन अधिक तीन अधिक तीन, म्हणजे आठ. पहिल्याच आकडीत उंबरठा ओलांडला. याउलट अकराव्या महिन्यात १०२ ताप, दोन मिनिटं अंगभर झटके, अर्ध्या तासात बाळ खेळायला लागलं: शून्य. त्या घराला धीर द्या आणि घरी पाठवा.

आलेखपट्टी

त्या गुणांवर एक हरकत नोंदवते. 'दहा मिनिटं' हा आकडा कुणी मोजला? घाबरलेल्या घरात दोन मिनिटं वीस वाटतात. आणि उलटही घडतं: झटके थांबले म्हणून आकडी संपली असं समजतात, पण डोळे एका बाजूला लागलेले असतात, ओठांचा कोपरा फडफडत असतो, म्हणजे आकडी चालूच असते. म्हणून घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा, आणि कसा काढायचा तेही सांगा. बाळ कुशीवर, दुपटं बाजूला, संपूर्ण शरीर चौकटीत, दिवा लावलेला. पंधरा-वीस सेकंद पूर्ण शरीर, मग चेहरा आणि डोळे जवळून, मग पुन्हा पूर्ण शरीर. 'उजवा हात हलतोय, डोळे डावीकडे' असं मोठ्याने बोलावं, म्हणजे पुढे आरशासारखी उलटापालट होत नाही. आकडी थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवावा, कारण कुठली बाजू लुळी राहिली ते त्यात दिसतं. एक माणूस बाळाजवळ, दुसरा फोनवर. घरात एकटंच कुणी असेल तर व्हिडिओ सोडा, बाळ सांभाळा.

ईईजीबद्दल. पहिल्या वर्षात ड्रावेटच्या बाळाचा आलेख बहुधा नॉर्मल असतो. 'अपस्माराची लक्षणं नाहीत' असा शेरा आला म्हणजे आजार नाही, असं होत नाही. आकडीनंतर एक-दोन दिवसांत काढला तर लाटा संथ दिसतात. तो आकडीचा उतार असतो, त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. आलेख कामाचा हवा असेल तर आदल्या दिवशी डोकं धुऊन आणा, तेल लावू नका (टाळू भरायची सवय असलेल्या घरांत हे दोनदा सांगावं लागतं), बाळाला झोपेच्या वेळी आणा, म्हणजे जागेपण आणि झोप दोन्ही मिळतात. अर्ध्या तासाहून कमी नोंदीत झोप बहुधा हाती लागत नाही. लुकलुकत्या दिव्याची चाचणी वगळू नका, काही ड्रावेट मुलं लहान वयातच प्रकाशाला संवेदनशील असतात. क्षणिक धक्क्यांची शंका असेल तर दोन्ही खांद्यांवर स्नायूंचे इलेक्ट्रोड लावायला सांगा. मग धक्का आणि मेंदूतली लाट एकाच क्षणी आले की नाही ते कळतं.

शेवंती

लसीचा मुद्दा आधी सोडवायला हवा, नाहीतर घरचे पुढचं काहीच ऐकत नाहीत. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. ड्रावेटची पहिली आकडी याच वयात येते. साहजिकच 'सुई दिली आणि लेकरू बिघडलं' असं घरात पक्कं बसतं, आणि धाकट्याच्या सगळ्या लसी बंद होतात.

काजवा

शेवंतीताई, यावर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने दिलं. लसीने मेंदूला इजा झाली असं मानलं गेलेल्या १४ जणांची तपासणी करून त्यांनी २००६ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या ११ जणांत एससीएन१ए मधला दोष निघाला. २०१० मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या अभ्यासात लसीनंतर लगेच सुरू झालेली मुलं आणि लसीशी संबंध नसताना सुरू झालेली मुलं यांची तुलना झाली. लसवाल्यांत सुरुवात थोडी आधी झाली होती, पण पुढचा विकास आणि आजाराची तीव्रता यांत फरक नव्हता. लसीने ताप आणला, तापाने आकडी आणली; दोष गर्भात असल्यापासूनच होता.

घरच्यांशी बोलताना 'लसीचा काही संबंध नाही' असं सपाट सांगू नये. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. लस निमित्त झाली हे मान्य करून मग मूळ कारण सांगितलं की ऐकलं जातं.

लसी चालूच ठेवायच्या. या मुलांना गोवराचा किंवा डांग्या खोकल्याचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी घातक ठरतो. फक्त तयारी ठेवायची: पेंटाव्हॅलंट आणि डीपीटीचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, गोवर-रुबेलाचा एक ते दीड आठवड्याने. तेवढे दिवस तापमान मोजत राहायचं आणि आकडी थांबवायचं औषध हाताशी ठेवायचं.

पाणकळा

गरम पाण्याच्या अंघोळीवरही बोलूया. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत मालीश, कढत पाणी, मग दुपट्यात गुंडाळून शेक-शेगडी असतेच. त्यात आकडी आली तर पुष्कळ जण 'दक्षिणेतला हॉट वॉटर एपिलेप्सी प्रकार' असं नाव देऊन मोकळे होतात.

काजवा

दोन्ही वेगळे आहेत आणि वेगळे करता येतात. कर्नाटकात, विशेषतः बंगळूर-म्हैसूर पट्ट्यात दिसणारा तो प्रकार बहुधा मोठ्या मुलांत किंवा तरुणांत असतो. ४० ते ५० अंशांचं पाणी डोक्यावरून तांब्याने ओतल्यावर आकडी येते, बाकी वेळी माणूस ठणठणीत असतो, आणि पाणी कोमट केलं की बहुतेकांचं भागतं. ड्रावेटमध्ये वय महिन्यांत मोजायचं असतं, आणि पाणी हे अनेक निमित्तांपैकी एक असतं. ताप, उकाडा, उन्हात खेळणं, भावनेचा उत्साह यांनीही आकडी येते. पाणी डोक्यावर पडायलाच हवं असं नाही, शरीराचं तापमान वाढलं की पुरे. म्हणून इतिहास घेताना 'अंघोळीत आली का' एवढं विचारून थांबू नका. पाणी किती कढत होतं, शेक घेतला होता का, बाळ किती कपड्यांत होतं, आणि अंघोळीशिवाय कधी आली का, हे चारही विचारा.

औषधपेटी

निदानाला घाई का करायची याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण औषधं. आकडी परत आली की सवयीने फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन लिहिलं जातं, कारण एका बाजूच्या आकडीला ती नेहमीची औषधं. ड्रावेटमध्ये मात्र कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन आणि लॅकोसामाइड रोजच्या उपचारात टाळायची. ही सगळी सोडियम वाहिनी आवळतात. विगाबॅट्रिन आणि टियागाबिनही टाळायच्या यादीत आहेत.

कारण असं: एससीएन१ए ची वाहिनी मुख्यतः मेंदूतल्या शमन करणाऱ्या पेशींना लागते. त्या पेशी म्हणजे गाडीचा ब्रेक. दोषामुळे तो आधीच निम्मा झिजलेला असतो, आणि ही औषधं उरलेला निम्माही सैल करतात. म्हणून कार्बामाझेपिन सुरू केल्यावर आकड्या वाढल्या किंवा नवे धक्के दिसू लागले, तर डोस वाढवण्याआधी निदानाचा फेरविचार करा. औषधाने बिघडणं हीसुद्धा एक खूण आहे.

सुरुवात बहुधा व्हॅलप्रोएटने होते, जोडीला क्लोबाझाम. पुढे स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन, शुद्ध कॅनाबिडिऑल, टोपिरामेट आणि कीटोजेनिक आहार. स्टिरिपेंटॉल किंवा कॅनाबिडिऑल जोडताना क्लोबाझामचा अंश रक्तात वाढतो, बाळ पेंगतं, त्यामुळे क्लोबाझाम कमी करावं लागू शकतं.

आकडी थांबवायला नाकातला मिडाझोलाम फवारा: प्रति किलो ०.२ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला २ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅमची बाटली असेल तर चार फवारे, प्रत्येक नाकपुडीत दोन. पण १.२५ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याच्याही बाटल्या मिळतात. तिथे चार फवारे म्हणजे ५ मिलिग्रॅम, श्वास मंदावू शकतो. बाटली बदलली की फवाऱ्यांचा आकडा डॉक्टरांकडून पुन्हा लिहून घ्यायचा. नवी बाटली आधी हवेत दाबून फवारा येतो ना ते बघायचं. आकडी पाच मिनिटं टिकली की द्यायचा. आधी लांब आकड्या येऊन गेलेल्या बाळासाठी डॉक्टर याहून कमी वेळ लिहून देऊ शकतात.

तापाला पॅरासिटामॉल प्रति किलो १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलित १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ५ मिलि. २५० च्या सिरपचे मात्र सुमारे अडीच मिलिच. औषधाने ताप उतरतो, पण आकडी टळेलच असं नाही. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

पाणकळा

आकडी थांबतच नाही म्हणून बाळ दवाखान्यात आलं आणि ड्रावेटची नुसती शंका आहे, तर फॉसफेनिटॉइन (फेनिटॉइनचंच शिरेतून द्यायचं रूप) द्यायचं की नाही?

काजवा

आधी बेंझोडायझेपिनचे (मिडाझोलाम ज्या गटातलं, त्या औषधांचे) दोन डोस पूर्ण मात्रेत द्या. पुष्कळदा अर्धाच डोस दिलेला असतो आणि मग औषध चाललं नाही असं म्हटलं जातं. त्यानंतर पर्याय असेल तर लेव्हेटिरॅसिटाम प्रति किलो ४० ते ६० मिलिग्रॅम शिरेतून. यकृताच्या किंवा मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या) आजाराची शंका नसेल तर व्हॅलप्रोएटही चालतं. दुसरं काही हाताशीच नसेल तर आकडी तशीच चालू ठेवणं जास्त धोक्याचं आहे. आणीबाणीतला एक डोस आणि घरी रोज द्यायचं औषध यांत फरक करा. चूक होते ती डिस्चार्जच्या वेळी: शिरेतून दिलेलं फेनिटॉइन सिरपच्या रूपात घरी जातं आणि महिनोन्महिने चालू राहतं.

दोन वर्षांखाली व्हॅलप्रोएट सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्या, अमोनिया आणि लॅक्टेट बघा. पीओएलजी या जनुकाच्या आजारातही लहान वयात लांब आकड्या येतात आणि तिथे व्हॅलप्रोएटने यकृत निकामी होऊ शकतं. विकास आधीपासून मागे असेल, उलट्या होत असतील, लॅक्टेट चढलेलं असेल, एकाच हाताचे झटके दिवसेंदिवस थांबत नसतील, तर हात आखडता घ्या.

ड्रावेटसारखी दिसणारी आणखी काही. ग्लुट-१ कमतरता (मेंदूत साखर पोचवणारं प्रथिन कमी पडतं): सकाळी उपाशीपोटी जास्त त्रास, खाल्ल्यावर बरं. चार ते सहा तास उपाशी ठेवून आधी रक्तातली साखर, लगेच पाठीतलं पाणी. पाण्यातल्या साखरेचं रक्तातल्या साखरेशी गुणोत्तर ०.४५ च्या खाली गेलं तर संशय पक्का होतो. रक्त पाणी काढण्याआधी घ्यायचं, कारण सुई टोचल्यावर बाळ रडतं आणि रक्तातली साखर चढते. पीसीडीएच१९ या जनुकाचा अपस्मार: मुख्यतः मुलींत, तापात छोट्या छोट्या आकड्यांची माळ लागते, दिवसभरात दहा-वीस, मग आठवडेच्या आठवडे काही नाही. आणि तापात पहिल्यांदाच आकडी आलेल्या, वर्षाच्या आतल्या बाळाला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) नाही ना, रक्तातली साखर आणि कॅल्शियम ठीक आहे ना, हे आधी. ड्रावेटच्या मागे लागून हे सुटता कामा नये.

वंशावळ

आता जनुक तपासणीचं. मागणीपत्रावर नुसतं 'अपस्मार' लिहिलं तर प्रयोगशाळा अंधारात शोधते. पहिल्या आकडीचं वय, तापाशी संबंध, बाजू बदलते का, सर्वांत लांब आकडी किती मिनिटांची, विकास, एमआरआय, चालू औषधं आणि 'एससीएन१ए ची शंका' हे स्पष्ट लिहा. रक्त २ ते ४ मिलि, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. आई-वडिलांचंही त्याच वेळी घ्या, नंतर बोलवायला गेलं तर एक जण गावी असतो. अहवालाला बहुधा तीन ते सहा आठवडे.

चित्र अगदी ठळक असेल तर एकट्या एससीएन१ए ची तपासणी पुरते, पण व्यवहारात अपस्माराचं जनुक-पॅनेल (अनेक जनुकं एकत्र तपासणं) किंवा एक्झोम (सगळ्या जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचणं) जास्त उपयोगी, कारण पीसीडीएच१९, एससीएन१बी, जीएबीआरजी२ ही मंडळी त्यातच बघून होतात. पॅनेल नकारात्मक आलं तर तिथे थांबू नका. जनुकाचा मोठा तुकडाच गहाळ असेल तर साधं वाचन तो चुकवू शकतं. त्यासाठी एमएलपीए ही गहाळ तुकडे शोधणारी चाचणी लागते. पॅनेलमध्ये तुकडे गहाळ आहेत का हे बघितलं आहे का, असं प्रयोगशाळेला विचारा. ड्रावेटच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांत एससीएन१ए मध्ये दोष सापडतो. उरलेल्यांत निदान लक्षणांवर उभं राहतं, आणि उपचार तेच.

अहवाल वाचताना चार जागा बघा. दोष कुठल्या वर्गातला: रोगकारक, बहुधा रोगकारक, की अर्थ अनिश्चित. दोषाचा प्रकार: वाहिनी अर्ध्यावर तोडणारा की एक अमिनो आम्ल बदलणारा. एक प्रत की दोन्ही. ड्रावेटमध्ये एकच पुरते. आणि आई-वडिलांत आहे का. 'अर्थ अनिश्चित' असा दोष आला आणि बाळाचं चित्र जुळत नसेल, तर त्यावरून ड्रावेटचा शिक्का मारू नये. चित्र जुळत असेल आणि दोष आई-वडिलांत नसेल, तर त्याचं वजन वाढतं.

तिसऱ्या महिन्याच्याही आत सुरुवात, विकासात लगेच खीळ आणि हातापायांच्या विचित्र हालचाली असं असेल, तर एससीएन१ए असूनही ते ड्रावेट नसतं. त्यातल्या काही दोषांत वाहिनी उलट जास्त काम करते, आणि औषधपेटी यांनी टाळायला सांगितलेली औषधं तिथे उपयोगी पडू शकतात. नुसतं जनुकाचं नाव बघून औषध ठरवू नका.

शेवंती

घरचे पहिला प्रश्न विचारतात: कुणाकडून आलं? आणि बोट बहुधा आईच्या माहेराकडे जातं.

वंशावळ

शेवंतीताई, दहापैकी नऊ मुलांत दोष नव्याने झालेला असतो, आई-वडिलांच्या रक्तात तो नसतो. हे दोघांनाही एकत्र बसवून, सासू-सासऱ्यांसमोर सांगावं. मामेबहीण-आतेभावाचं लग्न असलं तरी ड्रावेटचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला दोन्हीकडून सदोष प्रत यावी लागत नाही.

उरलेल्या दहाव्या घरात दोष आई किंवा वडिलांकडून येतो, आणि ते स्वतः बहुधा सौम्य असतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून अशा कुटुंबांचं वर्णन आलं, त्याला जीईएफएस प्लस म्हणतात. एकाच घरात कुणाला फक्त लहानपणी तापात आकडी, कुणाला सहा वर्षांनंतरही तापात आकडी, कुणाला तापाशिवायही, आणि एखाद्याला ड्रावेट. म्हणून तीन पिढ्यांची वंशावळ काढा. 'घराण्यात फिट्स आहेत का?' असं विचारलंत तर उत्तर हमखास 'नाही' येतं, मुलींची लग्नं व्हायची असतात. (हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ मध्येच निघाला, पण घरातली भीती अजून तशीच आहे.) 'लहानपणी तापात आचके यायचे का? किती वयापर्यंत? तापात बेशुद्ध पडून कुणी लहान मूल गेलं का?' असं विचारा, आणि आजीला विचारा. आई-वडील दोघांना स्वतःचं बाळपण आठवत नसतं.

आता सगळ्यांत जास्त सुटणारी गोष्ट. 'आई-वडिलांत दोष नाही' असा अहवाल आला म्हणजे पुढच्या बाळाला धोका शून्य, असं सांगू नका. आई किंवा वडिलांच्या काही थोड्याच पेशींत दोष असू शकतो, बीजांडात किंवा शुक्राणूंतही. सँगर या जनुक वाचण्याच्या नेहमीच्या तपासणीत प्रमाण कमी असलं की तो दिसत नाही. खोलवर तपासलेल्या एका अभ्यासात साधारण बारा कुटुंबांमागे एका घरात असा मिश्र दोष सापडला. म्हणून आई-वडिलांचा नमुना जास्त खोलीने वाचायला सांगा, आणि तरीही पुढच्या गरोदरपणात तपासणीचा पर्याय द्या. पीसीडीएच१९ मध्ये तर वडिलांत दोष असून ते निरोगी असतात आणि तो त्यांच्या प्रत्येक मुलीकडे जातो. तिथे वडिलांची तपासणी वगळली तर हिशेबच चुकतो.

पुढच्या वेळी: दोष नेमका माहीत असेल तरच गर्भतपासणी करता येते, म्हणून पहिल्या मुलाचा अहवाल जपून ठेवा. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदी) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच, आईच्या लेखी संमतीने. जनुकीय आजारासाठी अशी तपासणी कायद्याला मान्य आहे, लिंग मात्र सांगितलं जात नाही. दहाव्या आठवड्याच्या आत समुपदेशकाकडे आलं तर सगळं वेळेत बसतं.

पाणकळा

मोठ्या झालेल्या मुलांचं काय? विशी-पंचविशीतले, बौद्धिक अक्षमता, 'लहानपणापासून फिट्स' असा जाडजूड केसपेपर. यातले ड्रावेट कसे वेगळे काढायचे?

काजवा

हे फार राहून गेलेलं क्षेत्र आहे. त्या केसपेपरमध्ये सुरुवातीची पानं शोधा. पहिल्या वर्षात सुरुवात, तापात, लांब, कधी अतिदक्षता विभागात दाखल, बाजू बदलती, आणि त्याआधी विकास नॉर्मल. ही पाच उत्तरं आईला वीस वर्षांनंतरही तोंडपाठ असतात. आता आकड्या कमी झालेल्या असतात, बहुधा झोपेत येतात, पण तापात अजूनही वाढतात. चालताना गुडघे वाकलेले, पावलं फाकलेली, पुढे झुकलेली मान दिसते. एमआरआयमध्ये बहुधा वेगळं काही नसतं. अशांना पुष्कळदा लेनॉक्स-गॅस्टॉ (लहानपणी सुरू होणारा दुसरा एक तीव्र अपस्मार) म्हणून नोंदवलेलं असतं, पण त्यातल्या झोपेतल्या ताठ होण्याच्या आकड्या इथे ठळक नसतात आणि पहिल्या वर्षातली तापातली लांब आकडी तिथे नसते.

अशा वेळी तपासणी करून बघाच. वर्षानुवर्षं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनवर असलेल्यांना ते बदलल्यावर आकड्या कमी झाल्याचं आणि जागरूकता सुधारल्याचं बघायला मिळतं.

औषधपेटी

त्यात एकच जोड. अहवाल हातात आला म्हणून जुनं औषध एका दिवसात बंद करायचं नाही. आधी व्हॅलप्रोएट किंवा क्लोबाझाम योग्य मात्रेवर आणायचं, मग जुन्याचा डोस काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचा, आणि त्या काळात मिडाझोलाम घरात असलाच पाहिजे. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यकृताला इतर औषधं झपाट्याने फोडायला लावतात. ती उतरली की व्हॅलप्रोएटची रक्तातली पातळी आपोआप चढते. कालपर्यंत सोसलेला डोस मग जास्त होतो: हात थरथरतात, झोप वाढते, प्लेटलेट्स उतरतात. म्हणून बदल सुरू करण्याआधी एकदा आणि जुनं औषध पूर्ण थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, व्हॅलप्रोएटची पातळी, प्लेटलेट्स आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. पातळीसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी काढायचं.